शब्दांचं वावर

पोळा तोंडावर आलाय, पाऊस उघडायचं नाव घेत नाही, आणि या खेपेची पत्रं पोस्टमननं पिशवीतून काढली तेव्हा दोन पाकिटं एकमेकांना चिकटलेली होती. दारव्ह्याच्या पत्राची शाई वरूडच्या पत्रावर उमटली होती. दोन्ही चुलीजवळ वाळत घातली आणि मग वाचली, तर दोघांचं दुखणं एकाच घरातलं निघालं. म्हणून त्या दोघांना जरा जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी वर्धा जिल्ह्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. सगळी नोकरी खेड्यांत झाली. आता पाच एकर वावर आणि हे सदर, दोन्हीकडे निंदण करत असते.

प्रश्न : बाई, मी दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. अभ्यासिकेत रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतो, त्यातून वीस अवघड शब्द काढतो, समोर मराठी अर्थ लिहून पाठ करतो. चार वह्या भरल्या. परवा पहिली वही उघडली तर निम्मे शब्द जणू दुसऱ्याच कुणी लिहिलेले. माझ्या डोक्यातच खोट आहे का?
— एक परीक्षार्थी, दारव्हा तालुका

उत्तर : डोक्यात खोट नाही बाप्पा, वहीत आहे. वीस शब्द, वीस अर्थ, पान उलटलं, संपलं. पेरून घरी आलास आणि पुन्हा त्या वावराकडे फिरकलाच नाहीस, असं झालं हे.

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली विसरण्याचा हिशेब छापला. निरर्थक अक्षरांच्या ओळी त्यानं स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळानं किती उरतं ते मोजत बसला. त्याला दिसलं, की सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी होते. पुढं ती मंदावते. शिवाय तेच पुन्हा पाठ करायला दर खेपेला कमी वेळ लागतो. गव्हाच्या पाण्यासारखंच आहे हे. सगळ्या पाळ्यांचं पाणी एकाच दिवशी सोडून पाहा, मुळं सडतील आणि महिन्याभरानं त्याच जमिनीला भेगा पडलेल्या दिसतील. तू रोज वीस शब्दांना पाणी सोडतोस, पण दुसरी पाळी कुणालाच मिळत नाही.

त्यावर झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली कप्प्यांच्या खोक्याची युक्ती मांडली. मी ती माझ्या पद्धतीनं करते. उन्हाळ्यात घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडतोच. त्यातल्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापायचे आणि एकेका पत्त्यावर एकेक शब्द लिहायचा. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे उभे करून पाच कप्पे करायचे. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवडी बाजाराच्या दिवशी, चौथा पंधरवड्यानं आणि पाचवा अमावास्येला. शब्द आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो. नाही आठवला तर कितव्याही कप्प्यात असो, सरळ पहिल्यात परत. माझ्या खोक्यात एक शब्द दीड वर्ष पहिल्या कप्प्यातून हलला नव्हता. त्याच्यावर चिडून चिडूनच तो शेवटी पाठ झाला.

पण खरी गोम पत्त्यावर काय लिहायचं यात आहे. तुझ्या वहीत 'मिटिगेट' समोर 'कमी करणे' असेल. 'अलिव्हिएट' समोरही 'कमी करणे'. 'कर्टेल' समोर तेच. 'अबेट' समोर 'कमी होणे'. चार वेगळ्या जातीची बियाणी तू एकाच कट्ट्यात ओतली आहेस.

आता मराठीतच बघ. पूर ओसरतो, ताप उतरतो, राग निवळतो, भाव पडतो, गर्दी पांगते, सूज बसते. सगळीकडे 'कमी होणे' हाच अर्थ आहे, पण म्हणून कुणी 'माझा राग पांगला' म्हणत नाही. तुला हे कुणी शिकवलं नाही. तू प्रत्येक क्रियापद त्याच्या शेजाऱ्यासकट ऐकत मोठा झालास. इंग्रजीतही तसेच शेजार ठरलेले आहेत. 'मिटिगेट' हा धोका आणि परिणाम यांच्या शेजारी राहतो : मिटिगेट द रिस्क, मिटिगेट द इम्पॅक्ट. 'अलिव्हिएट' दुःख, वेदना, गरिबी यांच्या शेजारी : अलिव्हिएट पॉव्हर्टी. 'कर्टेल' म्हणजे वरून कात्री लावणं : खर्चाला, अधिकारांना, स्वातंत्र्याला. आणि 'अबेट' म्हणजे आपलं 'ओसरणं'. वादळ आपोआप ओसरतं तसं, द स्टॉर्म अबेटेड. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली लिहून ठेवलंय, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. पोरींच्या बाबतीत आपल्याकडच्या म्हाताऱ्या हेच म्हणतात, पण ते त्यांनी शब्दांपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून पत्त्याच्या मागं अर्थ नको, वाक्य लिही, आणि ते तुझ्या गावचं असू दे. 'द फार्म पाँड मिटिगेट्स द रिस्क ऑफ अ ड्राय स्पेल.' शेततळं तू पाहिलेलं आहेस, पावसाचा खंड तुझ्या घरानं भोगलेला आहे. या वाक्यातला 'मिटिगेट' विसरायला तुला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील. उलट अग्रलेखातलं परदेशी व्याजदरांचं वाक्य तसंच उतरवलंस तर दोन परकी माणसं एकमेकांची ओळख करून देताहेत, असं व्हायचं.

वीसचे पाच कर. आणि पाच कुठले? जे तुला तिसऱ्यांदा भेटले तेच. एखादा शब्द पहिल्यांदा दिसला की नुसती पेन्सिलची टिकली द्यायची आणि पुढं जायचं. जो पुन्हा भेटतच नाही त्याच्यासाठी खोक्यात जागा कशाला अडवायची?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. घरी संत्र्याची बाग आहे. शिकवणीच्या सरांनी सांगितलं, की मोठे इंग्रजी शब्द यायचे तर लॅटिन आणि ग्रीक धातू पाठ कर. तीनशे धातूंची झेरॉक्स दिली. बाई, त्या रोमन लोकांचा आणि आमचा काही मेळच लागत नाही. पाठ केलंच पाहिजे का?
— एक विद्यार्थिनी, वरूड तालुका

उत्तर : झेरॉक्स कपाटात ठेव पोरी, आणि आधी बागेत ये. संस्कृतातलं 'नारंग' फारसीत गेलं, तिथून अरबीत, तिथून युरोपात. स्पॅनिश लोकांनी त्यातला 'न' जपला, ते अजून 'नारांखा' म्हणतात. पुढं वाटेत तो 'न' गळाला आणि उरलं ते 'ऑरेंज'. म्हणजे तुझ्या बागेतलं फळ ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेवर शब्दांचीही ये-जा होती. मेळ आहे, फक्त तुला कुणी दाखवला नाही.

माझंच सांगते. माझे वडील हिंगणघाटला एका जीनप्रेसमध्ये काट्यावर होते. गाडीभर कापूस आत जायचा, एका बाजूनं सरकी आणि दुसऱ्या बाजूनं रुई बाहेर पडायची. लहानपणी मला 'जीन' हा मराठीच शब्द वाटे. विळी, जातं, जीन. बी.ए.च्या वर्षी शब्दकोशात दुसरंच काही शोधताना नजर पडली : 'जिन' हे 'एंजिन'चं तुटलेलं शेपूट! अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट १७९४ साली घेतलं, त्याच्या नावात ते होतं. आणि 'एंजिन' कुठून आलं? लॅटिनच्या 'इन्जेनियम'मधून, म्हणजे उपजत बुद्धी, कल्पकता. त्याच मुळाचा 'इन्जीनियस', म्हणजे कल्पक, डोकेबाज. त्या दिवशी संध्याकाळी वडील घरी आले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत नेहमीसारखी रुई होती. मी त्यांना सांगितलं, की बाबा, तुम्ही बुद्धीच्या कारखान्यात काम करता. ते म्हणाले, "मंग हजेरी काहून इतकी कमी देतेत?" पण 'इन्जीनियस' मला तेव्हापासून कधी पाठ करावा लागला नाही. जाता जाता, 'इन्जेन्युअस' हा वेगळा शब्द आहे. लिहिताना एकाच अक्षराचा फरक आणि अर्थ भोळा, निष्कपट. परीक्षावाल्यांना ही जोडी फार आवडते.

आता पोळ्याकडे ये. आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात, हळद-तूप लावतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. ती खांद कशानं घासलेली असते? जुवानं. आपलं 'जू' संस्कृत 'युग'पासून आलं. इंग्रजीतलं 'योक' आणि लॅटिनमधलं 'युगुम' ही त्याची चुलत भावंडं. संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून फुटलेल्या असाव्यात. हे त्याचं आपल्या गोठ्यातलं उदाहरण. त्या 'युगुम'मधून 'सब्जुगेट' आलं, म्हणजे जुवाखाली आणणं, गुलाम करणं. रोमन सैन्य हरलेल्या शिपायांना खरोखरच भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावत असे. आणि त्यातूनच आलं 'कॉन्जुगल', म्हणजे दांपत्याचं, एका जुवाला जोडलेल्या दोघांचं. आमच्या यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, आपल्या जोडीतला एक बैल कायम बसलेलाच असतो. कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. उपसर्ग जोडून शब्द पिकवायची विद्या तुला आधीच येते. 'क्षेप' घे. क्षिप् म्हणजे फेकणं. त्याला पुढून एकेक उपसर्ग लाव : प्रक्षेपण, आक्षेप, संक्षेप, विक्षेप, निक्षेप. आता लॅटिनमधला फेकण्याचा धातू घे, इंग्रजीत तो 'जेक्ट' होऊन येतो. 'प्रोजेक्ट' म्हणजे पुढं फेकणं, आपलं प्रक्षेपण. 'ऑब्जेक्ट' हे क्रियापद म्हणजे अंगावर फेकणं, आपला आक्षेप. जागा दोन, बांधणी एक. पुढं 'इंजेक्ट' म्हणजे आत फेकणं, 'रिजेक्ट' म्हणजे मागं फेकणं, 'डिजेक्टेड' म्हणजे खाली फेकलेला, खचलेला माणूस. 'ट्रजेक्टरी' म्हणजे फेकलेल्या वस्तूची वाट, ती तू भौतिकशास्त्रात काढतेसच. 'कन्जेक्चर' म्हणजे इकडून तिकडून गोळा करून टाकलेला, ठोकून दिलेला अंदाज. एका बसकीत सात शब्द झाले आणि पाठ एकही केला नाहीस.

शेतातले आणखी देते, कारण मला राहवत नाही. 'ब्रॉडकास्ट' हा रेडिओच्या कितीतरी आधीचा शब्द. मुठीनं बी चौफेर फेकून पेरणं, एवढाच त्याचा अर्थ होता. तिफण न लावता पेरलं की ते ब्रॉडकास्ट. 'डिलिरियम' म्हणजे तापात बरळणं. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तास, म्हणजे नांगराची रेघ, सोडून जाणं. वखराचा बैल तासातून बाहेर पडला की जसं होतं, तसं माणसाच्या बोलण्याचं झालं. आणि माझा सगळ्यात लाडका 'रायव्हल'. 'रिव्हस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे दोघे ते रायव्हल. ओलिताच्या पाण्यावरून ज्या गावात कुऱ्हाडी निघाल्या आहेत, तिथल्या पोट्ट्यांना हा शब्द एकदा सांगितला की पुरतं. मला दुसऱ्यांदा सांगावा लागलेला नाही.

एक धोका मात्र सांगून ठेवते. मूळ म्हणजे अर्थ नव्हे, मूळ म्हणजे ओळखीची खूण. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यावरून 'ग्रिगेरियस', माणसांत रमणारा. 'सेग्रिगेट', कळपातून वेगळं काढणं. इथवर ठीक. पण 'इग्रीजियस' म्हणजे 'कळपातून उठून दिसणारा', म्हणून एखाद्या गुणी मुलाला इग्रीजियस म्हणशील तर पंचाईत होईल. एके काळी त्याचा अर्थ चांगलाच होता. आज तो फक्त वाईटात उठून दिसणाऱ्यासाठी आहे : ॲन इग्रीजियस एरर, म्हणजे धडधडीत, लाज वाटावी अशी चूक. म्हणून मुळाशी ओळख झाली तरी आजचा अर्थ शब्दकोशात बघायचाच.

तीनशे धातूंपैकी पंधरा निवड. या उत्तरातले चार-पाच त्यात आलेच. बाकीचे तुझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आपोआप भेटतील.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज करते आहे. पत्रात तिनं 'आय पझेस अ प्लेथोरा ऑफ स्किल्स' असं लिहिलंय. 'यूज' खोडून सगळीकडे 'युटिलाइज' केलंय. मला पत्र भारदस्त वाटतं, तिच्या मैत्रिणीला हसू येतं. कोण बरोबर?
— एक कृषी सेवा केंद्रचालक, घाटंजी

उत्तर : मैत्रीण. 'प्लेथोरा' मुळात ग्रीक वैद्यांचा शब्द आहे. अंगात रक्त जास्त झाल्याचा विकार, असा त्याचा अर्थ. आजही त्याच्यात 'नको इतकं' ही छटा राहिली आहे. वाचणाऱ्याला वाटेल, बाईंना कौशल्यांचं अजीर्ण झालंय. तुमच्या दुकानात कुणी येऊन साध्या युरियाला 'नत्रयुक्त रासायनिक खताची उपलब्धता आहे का' असं विचारलं तर तुम्ही त्याला दुसऱ्यांदा वर-खाली बघणार. तसंच आहे हे.

लांब शब्द म्हणजे प्रगत इंग्रजी, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. अर्ज लिहायच्या चौकोनी मराठीतून तो आलाय, 'सविनय सादर'वाल्या. खरी परीक्षा बारक्या शब्दांची असते. 'रन' घ्या. दुकान चालवणं 'रन अ शॉप', ताप असणं 'रन अ फीवर', माल संपत येणं 'रन शॉर्ट', घराण्यात असणं 'रन इन द फॅमिली'. सौदा फिसकटला तर 'द डील फेल थ्रू'. सहन करणं 'पुट अप विथ'. तुमच्या लेकीला 'फेल थ्रू' सहज वापरता आलं तर मुलाखत घेणारा खुर्चीत पुढं सरकेल. 'प्लेथोरा'नं तो मागं टेकेल. तिला सांगा, 'आय हॅव वर्क्ड ऑन' असं लिही आणि खाली काय काय केलं ते नावानिशी मांड.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात शिक्षक आहे. वाचून शब्द पुष्कळ कळतात, पण बोलायची वेळ आली की उच्चाराच्या भीतीनं सोपाच शब्द घेतो. इथं इंग्रजी बोलणारं कुणी नाही, नेटवर्कही मनात आलं तर येतं.
— एक शिक्षक, कोरची तालुका

उत्तर : सर, ही भीती मला चांगली ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मोठ्या शहरात एका प्रशिक्षणाला गेले होते. चर्चेत मी मोठ्या हौसेनं 'एपिटोम' म्हटलं. समोरच्या तज्ज्ञ बाईंनी तो शब्द माझ्याच सुरात पुन्हा म्हणून दाखवला आणि चाळीस माणसं हसली. उरलेले दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. जेवणाच्या रांगेत सुद्धा नुसती मान हलवत होते. योग्य उच्चार 'इपिटमी', जोर 'पि'वर. आज मला असं वाटतं, की चुकीचा उच्चार करणाऱ्यानं तो शब्द ऐकून नव्हे, वाचून कमावलेला असतो. त्याच्यावर हसणाऱ्याला हे दिसत नाही.

आपल्यासारख्या वाचून शिकलेल्यांना नेमके हेच फसवतात : 'हायपर्बली' हा 'हायपरबोल' नव्हे. 'डेब्री'मध्ये शेवटचा 'स' बोलत नाहीत. आरोप ठेवणं 'इंडाइट', त्यातला 'सी' मुका. 'सटल'मधला 'बी' मुका. हा 'सटल' मूळचा विणकरांचा शब्द, बारीक पोताचा. 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' दोन्ही विणण्यातूनच आले. आणि आपल्याकडे 'सूत्र' म्हणजे दोराही आणि ग्रंथही. दोन्हीकडच्या पंडितांना लिहिणं सुचलं ते मागाजवळ बसूनच, असा मला संशय आहे. असो, विषय उच्चाराचा होता.

मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं शब्द ओळखायला अडचण येत नाही. इंग्रजीत येते, आणि तो जोर जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर. म्हणून नवा शब्द देवनागरीत लिहा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. 'थ' आणि 'व' या दोन ठिकाणी देवनागरी थोडी फसवते, बाकी तिच्याइतकी सोय रोमन लिपीतही नाही. नेटवर्क असलेल्या गावी जाल तेव्हा मोबाइलमध्ये उच्चारासह चालणारा, नेट नसताना ऐकता येणारा शब्दकोश उतरवून घ्या. आठवड्याचे पाच शब्द, प्रत्येकी दहा वेळा, मोठ्यानं. वर्गात पोरांसमोरच म्हणा. ती हसत नाहीत, ती मागून म्हणतात.

प्रश्न : एकूण किती शब्द आले म्हणजे पुरे? आणि शब्दकोश कुठला घ्यावा?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : कॉलेजची पुस्तकं वाचायची असतील तर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली यादी बघा. विद्यापीठीय लेखनात सगळ्याच विषयांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुटुंबं तीत आहेत. कुटुंब म्हणजे एक शब्द आणि त्याची पोरंबाळं. तुमचं मूळचं इंग्रजी बरं असेल तर रोज दोन कुटुंबं धरली तरी वर्षाच्या आत उरकतील. कादंबऱ्या, वर्तमानपत्रं बिनआधार वाचायची असतील तर शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा हिशेब आठ ते नऊ हजार कुटुंबांचा आहे. घाबरू नका, त्यातली बरीच वाचता वाचताच अंगवळणी पडतात.

शब्दकोश इंग्रजी-मराठी नको. परक्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानात शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांना शब्द नुसता कळून चालत नाही, वाक्यात बसवता यावा लागतो, हे त्यांना दिसलं. त्यांचा पहिला कोश १९४२ साली जपानातच छापला गेला, इंग्लंडमध्ये नव्हे. त्याच घराण्यातला कोश आज आपल्याकडे सर्रास मिळतो. जोडीला जमलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळा. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. एका मराठी शब्दाची छटा पकडायला तो इंग्रजीचे चार-चार शब्द खर्ची घालतो. ते चारही फुकटात तुमचे.

प्रश्न : बाई, माहा नातू इंग्लिश मीडियमात हाय. तो म्हणते का इंग्रजायनं आपले शब्दबी नेले. मी म्हणलं, सारंच नेलं त शब्द काहून सोडतीन? पण खरं सांगजा, आपल्या मराठीतला एखादा तरी गेला का तिकडं?
— एक आजी, देवळी तालुका

उत्तर : आजी, नातू बरोबर सांगतो. 'लूट' हा शब्द त्यांनी हिंदीतून उचलला. काम चालूच होतं, मग नाव तरी कशाला दुसरं ठेवायचं? आपला बंगला, पायजमा, जंगल हेही तिकडं नांदतात. आणि खास मराठीतून गेलेला एक आहे, तुमच्या कुडाच्या मागं राहणारा. मुंगूस. इंग्रजीत तो 'माँगूस' होऊन सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फिरतो आहे.

नातवाला एक अडवणूक करून पाहा. 'गूस' म्हणजे हंस, त्याचं अनेकवचन 'गीस'. मग एक माँगूस तर दोन काय, असं विचारा. 'माँगीस' म्हणाला की पकडायचा. 'माँगूसेस' म्हणायचं असतं.